डाव्या हाताची खपरी

उशीर माझ्यामुळे झाला आणि दोष मी बायकोवर ढकलला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी पुष्कळ चिडणार आहे. यंत्रावर चिडणार आहे, ते विकणाऱ्यावर चिडणार आहे, आमच्या खात्यातल्या फोनवाल्यावर तर चिडणारच आहे. त्या सगळ्या रागात हे पहिलं वाक्य बुडून जायला नको. उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत मी ते तसंच बुडवत आलो होतो.

मी भिलाईचा. वडील भंडाऱ्याकडून इथे आले, प्लांटमध्ये लागले, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. घरात आमची नागपुरी मराठी, दाराबाहेर हिंदी, रविवारी विहारात वंदना. आजूबाजूचा सगळा मुलूख छत्तीसगढी बोलतो हे मला ठाऊक होतं, पण ती भाजीवाल्यांची आणि ठेकेदाराच्या मजुरांची बोली, आपल्याला तिचं काय काम, असं माझं मत होतं. हे मत आहे असंही मला कधी वाटलं नाही. वाटायचं, हे असंच असतं.

बायकोचं तसं नव्हतं. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. दुर्गच्या पुढे, रसमड्याच्याही पलीकडे, एका लहानशा स्टेशनालगतच्या क्वार्टरमध्ये ती वाढली. शाळा गावातली, मैत्रिणी गावातल्या. त्यातल्या एकीशी तिनं भोजली ‘बदली’, म्हणजे जन्मभराच्या मैत्रीची गाठ बांधली. श्रावणात टोपलीत गहू रुजत घालतात, ते पिवळे कोंब म्हणजे भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते तळ्यात सोडताना दोन मुली एकमेकींच्या कानावर कोंब खोवतात, आणि तिथून पुढे जन्मभर एकमेकींचं नाव घेत नाहीत. हाक मारायची ती ‘भोजली’ म्हणूनच. रिवाजाप्रमाणे नमस्कार ‘सीताराम भोजली’ असा असतो. माझे सासरे कट्टर आंबेडकरी. पोरगी सीताराम म्हणते म्हटल्यावर ते भडकले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीनं स्वतःहूनच बदल केला, ‘जोहार भोजली’ म्हणू लागली. सासऱ्यांनी मग तिला घरात घेऊन चहा पाजला, असं बायको सांगते.

सासू-सासरे आता नाहीत. भाऊ नाही. बायकोला माहेर म्हणून जे काही उरलं ते ही भोजली. तीसुद्धा नवरा गेल्यावर पोरीला घेऊन भावाच्या गावी, खपरीला, राहायला आली होती. भादव्यात तीजा, म्हणजे हरितालिकेचा उपास, येते तेव्हा इकडे भाऊ बहिणींना सासरहून घेऊन जातात. भोजलीचा भाऊ दरवर्षी मोटारसायकल घेऊन आमच्या दारात यायचा आणि माझ्या बायकोला न्यायचा. ती उपास करत नाही. पण उपासाच्या आदल्या रात्री सगळ्या माहेरवाशिणी कारल्याची भाजी आणि भात खातात, तो करू भात खायला ती जायची आणि दोन दिवसांनी दहा वर्षांनी लहान होऊन यायची.

आता त्या यंत्राकडे येतो.

आमच्या खात्यात कँटीनच्या टेबलावर दोन वर्षं एकच वाद चालू होता. मोटारसायकलवर रस्ता बघायला फोन बरा की वेगळं जीपीएस यंत्र. माझा एक सहकारी फोनवाला. हँडलला क्लॅम्प लावून त्यात तो फोन अडकवायचा आणि घरापासून प्लांटच्या गेटपर्यंतसुद्धा, जो रस्ता त्याची गाडी झोपेत जाईल, त्या रस्त्यानं नकाशा बघत यायचा. मी त्याला म्हणायचो, इंजिनाच्या थरथरीनं फोनचा कॅमेरा जातो. त्याचा गेलाच. पोरीच्या वाढदिवसाचे फोटो काढले ते सगळे पाण्याखालून काढल्यासारखे. मी ते फोटो टेबलावर सगळ्यांना दाखवले. मे महिन्यात खुर्सीपारला त्याचा फोन तापून बंद पडला, तेही मी सांगत फिरलो.

तो म्हणायचा, “दादा, आपके डब्बे में तो हनुमान मंदिर भी नहीं मिलेगा. फोन में चाय का ठेला भी मिलता है.”

“तुझ्या फोनवर बायकोचा कॉल आला की नकाशा जातो,” मी म्हणायचो. “मग रस्ता बायको सांगते.”

“वो तो वैसे भी वही बताती है.”

सगळे हसले. मीही हसलो. पण डोक्यात बसलं की याला दाखवायचं.

रायपूरहून मी यंत्र आणलं. दुकानदारानं त्यावर बाटलीभर पाणी ओतून दाखवलं. हातमोजे घालून बोट फिरवून दाखवलं. दुकानाबाहेर उन्हात नेऊन पडदा किती लख्ख दिसतो ते दाखवलं. पूर्ण भारत आहे यात, म्हणाला. मी मूर्खासारखा मान हलवली. पाणी, मोजे, ऊन, सगळं तपासलं. नकाशा तपासला नाही. पूर्ण भारत म्हणजे काय, हे मी त्याला विचारायला हवं होतं. रसमड्याच्या कारखान्यांची एकेक शेड त्यात आहे, गेटांसकट. दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या गल्ल्या आहेत. आणि त्या शेडमध्ये कामाला येणारी माणसं ज्या गावांतून सायकली मारत येतात, ती गावं एकतर नाहीत, नाहीतर एखादा ठिपका. माणसं राहतात तो भाग सोडून बाकीचा पूर्ण भारत त्यात होता. अजून लिहिताना माझी कानशिलं तापतात.

बॅटरीपासून वायर ओढून घेतली, हँडलवर यंत्र बसवलं. बायकोनं ते पाहिलं आणि विचारलं, “हे कायले पायजे होतं?”

“रस्ता चुकू नये म्हणून.”

“तुमी कुठं जाता चुकाले? सेक्टर ते प्लांट, प्लांट ते सेक्टर.”

मग वैशाखात भोजलीच्या मुलीचं लग्न निघालं. भोजली स्वतः आमच्याकडे आली. बायकोला म्हणाली की पोरीला बाप नाही, तर टिकावनाला आईच्या बाजूला तू बस. टिकावन म्हणजे वरवधूला टिळा लावून आहेर देतात तो विधी. त्यात काशा-पितळेची पाच भांडी देतात, त्याला पचहर म्हणतात. ते आईबापांनी द्यायचं असतं. बायको म्हणाली, ते माझ्याकडून. दुर्गच्या बाजारात ती दोनदा गेली, भांडी वाजवून वाजवून निवडली. बापाच्या जागी बसायचं होतं तिला. एवढी मोठी जागा तिला आमच्या घरात कोणी कधी दिली नव्हती.

त्या दिवशी आम्ही सकाळी वेळेत निघालो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. बायको माझ्याआधी तयार होती, पोत्यात गुंडाळलेली भांडी मांडीवर घेऊन मागे बसली होती. वेळ माझा गेला, यंत्रात खपरी शोधण्यात.

“अजी, मले रस्ता मालूम हाये,” ती म्हणाली. “रसमड्यावरून सरळ, फाटकाच्या पुढं.”

“तू मागं बसून पाह्यला. मागं बसून रस्ता समजत नाही.”

“मंग समोर बसून समजते का? तुमी तर डब्ब्यात पाहून राहिले.”

यंत्रानं एकच खपरी दाखवली. मी ती दाबली. त्यानं आम्हाला रसमड्याच्या रस्त्यानं न नेता भलत्याच बाजूनं नेलं. आधी डांबर, मग मुरूम, मग शेतांमधली चाकोरी. कालव्याच्या पुलापाशी रस्ता दोन्हीकडे फुटला. यंत्र म्हणत होतं डावीकडे. बायको या बाजूनं कधी आली नव्हती, ती इकडे तिकडे बघू लागली.

“कोणाले तरी विचारा,” ती म्हणाली.

उजवीकडच्या रस्त्यानं सायकलवरून एक म्हातारा येत होता. मागच्या कॅरिअरला गवताचा भारा. मी न विचारताच तो थांबला, माझ्या हेल्मेटकडे, यंत्राकडे आणि बायकोच्या मांडीवरच्या पोत्याकडे बघून त्याला सगळं समजलं असावं. म्हणाला, “खपरी, बिहाव घर जाना हे का बाबू? पुल ले जेवनी हाथ म मुरक जाबे.”

बिहाव म्हणजे लग्न, एवढं मला कळत होतं. पुढचा शब्द मी माझ्या मराठी कानांनी ऐकला. जेवनी. म्हणजे जेवण. डावीकडे झाडांमागून धूर निघत होता, मांडवाचं लाल कापड दिसत होतं, लाऊडस्पीकर चालू होता. लग्नघर, जेवण, धूर आणि यंत्राचा बाण, चारही गोष्टी एका दिशेला. मी गाडी डावीकडे घातली.

मागून तिनं माझा खांदा दाबला. “अजी, उजवीकडं म्हणला तो. जेवनी म्हणजे उजवा हात.”

“जेवण तिकडं दिसून नाही राहिलं का?”

“जेवण नाही. ज्या हातानं जेवते तो हात. डावा म्हणजे डेरी. मले नका शिकवू, मी ह्याच बोलीत लहानाची मोठी झाली.”

“मशीन बी डावीकडंच सांगून राहिली. तू अन् तो बुढा दोघंच हुशार?”

तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला. मला तेव्हा वाटलं, पटलं तिला.

मांडवाच्या दारात माणसं पुढे आली. इकडे पाहुण्याला सगा म्हणतात. “आवव सगा, आवव.” कुणी पाण्याचा लोटा दिला, कुणी माझ्या हातात सरबताचा ग्लास. बायको पदर नीट करत उतरली, एका बाजूला उभी राहून आत बघत होती. तेवढ्यात एका तरुण माणसानं भांड्यांच्या पोत्याला हात घातला आणि मी ते दिलं. आवाज ऐकूनच त्यानं ओळखलं, “पचहर ए का?” मी रुबाबात हो म्हटलं. तो आत गेला. मी खुर्चीवर बसून हेल्मेट मांडीवर घेतलं आणि सरबत प्यायलो.

बायको आली. चेहरा पांढरा. “हे ते घर नाही. नवरी आपली नाही.”

“नीट पाह्य. हळद लावल्यावर साऱ्या नवऱ्या सारख्याच दिसते.”

“मी तिले कडेवर घेऊन फिरली आहो. अन् भांडे कुठं हायत?”

भांडी टिकावनाच्या आहेरात मांडली गेली होती. पाचही, हळदीकुंकू लागलेली. ती परत कशी मागायची? मी त्या मांडवात मराठी-हिंदीत काहीतरी बडबडलो, यंत्राला शिव्या दिल्या, नकाशा काढून एका म्हाताऱ्या गृहस्थाला दाखवू लागलो. तो मुलीचा आजा होता. त्यानं पडद्याकडे बघितलंही नाही. बायको पुढे झाली, त्याच्याशी छत्तीसगढीत बोलली, दोन वाक्यं असतील. तो हसला. बायका हसल्या. त्याच तरुणानं भांडी पुसून, पोत्यात बांधून आणून दिली.

“ले जाव नोनी,” आजा बायकोला म्हणाला. “भात खा के जातेव त बने होतिस.”

जेवून गेला असता तर बरं झालं असतं, असं. त्यांच्या पोरीच्या आहेरातून आम्ही भांडी उचलून नेत होतो आणि तो माणूस आम्हाला जेवायला बसवत होता.

कालव्याच्या या अंगाला एक खपरी, त्या अंगाला दुसरी. दोन्ही नुसती खपरीच. डाव्या हाताची की उजव्या हाताची, एवढ्यावरून तिथले लोक ओळखतात. यंत्राला त्यातली एकच ठाऊक. आम्ही पुलापर्यंत मागे आलो, उजवीकडे गेलो, पुढे कालव्याचं काम चालू होतं म्हणून पुन्हा वळसा. उन्हात यंत्राचा पडदा खरोखरच लख्ख दिसत होता. त्यावर लिहिलं होतं की आपण मुक्कामी पोहोचलेले आहात.

खरी खपरी आली तेव्हा मांडवाखाली दोन मुलं पत्रावळ्या गोळा करत होती. पोरीची पाठवणी होऊन गेली होती. भोजली भिंतीला टेकून बसली होती. तिनं उठून बायकोला मिठी मारली नाही. जोहारसुद्धा म्हणाली नाही.

“नोनी ह अब्बड़ रद्दा देखिस,” एवढंच म्हणाली. पोरीनं फार वाट पाहिली. गाडी चालू करून ठेवली होती, नवऱ्याकडचे घाई करत होते, तरी पोर उतरून दोनदा रस्त्यावर येऊन बघून गेली. त्याआधी टिकावनाला बापाच्या जागी शेजारणीला बसवावं लागलं होतं.

“कइसे देरी होगे?” तिनं बायकोला विचारलं.

बायकोनं तोंड उघडायच्या आत मी बोललो. अजून मला माझा तो हसरा आवाज ऐकू येतो. मी म्हणालो, “औरतों का क्या बताएँ. साड़ी ही तय नहीं हो रही थी सुबह से.”

भोजलीनं बायकोच्या साडीकडे पाहिलं. साधी सुती साडी होती, उन्हाची म्हणून नेसलेली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती खरं सांगेल. तिनं पोतं खाली ठेवलं आणि आत जाऊन पाणी प्यायली.

असं का बोललो? चार पुरुष तिथे उभे होते, हँडलवरचं यंत्र बघत होते, एकानं ते काय आहे म्हणून विचारलंही होतं. त्यांच्यापुढे मी रस्ता चुकलो असं म्हणवेना. इतकी हलकी गोष्ट होती ती. तिच्यासाठी मी बायकोचं माहेर खर्ची घातलं.

परत आल्यावर मी बायकोची माफी मागायच्या ऐवजी संताप करत बसलो. रायपूरला जाऊन दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, कंपनी नकाशा दुरुस्त करेल तेव्हा कॉम्प्युटरला जोडून भरून घ्या. कँटीनमध्ये मी सगळी हकिगत सांगितली, म्हणजे चुकीच्या लग्नापर्यंतची, भांडी परत मागितल्याची. तिथे ती फार हसण्यासारखी वाटली. पुढची सांगितली नाही.

“बोला था ना फोन लो,” सहकारी म्हणाला.

घरी येऊन मी फोनवर खपरी टाकून पाहिली. तीन निघाल्या. भोजलीची खपरी तिसरी होती. म्हणजे फोनही मला विचारणारच होता की यातली कोणती, आणि ते सांगणारी बाई मागे बसून सांगतच होती. मग हा दोन वर्षांचा वाद कशाचा? पाण्यानं काय बिघडतं, थरथरीनं काय बिघडतं, उन्हात काय दिसतं. आम्ही शिकलेसवरलेले पुरुष रोज अर्धा तास त्यावर घसा कोरडा करत होतो. आणि ज्या जिल्ह्यात माझा जन्म गेला, तिथे उजव्या हाताला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आमच्या सेक्टरात किती जणांना माहीत आहे? मी विचारून पाहिलं. बहुतेकांनी खांदे उडवले. एकजण म्हणाला, काय करायचंय ते कळून. माझं स्वतःचंच जुनं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मला त्याला मारावंसं वाटलं.

बायको मात्र रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. ती माझ्या गाडीवर बसेनाशी झाली, एवढंच. बाजारात ऑटोनं जायची. घरात फोनवर तिचं ते खळखळून छत्तीसगढी बोलणं बंद झालं. पूर्वी मी त्यावर कुरकुर करायचो, पोरांची भाषा बिघडते म्हणून. आता घर शांत झालं होतं, मला हवं होतं तसं.

पोळा झाला. तीजा जवळ आली. बायकोनं पिशवी भरली. भोजलीसाठी लुगडं, नव्या नवरीसाठी बांगड्या. न्यायला यायच्या दिवशी ती सकाळपासून हॉलमध्ये बसली. रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की खिडकीपाशी जायची. दुपार टळली. भोजलीचा भाऊ आला नाही.

“फोन कर ना,” मी म्हणालो.

“माहेरी फोन करून म्हणू का, का मले न्याले या?”

तिनं पिशवीतलं लुगडं काढून कपाटात ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. तिच्या पाठीकडे बघता बघता मला कळलं की आता कुणावर चिडायचं बाकी राहिलेलं नाही.

“चाल,” मी म्हणालो. “खपरीले जाऊ.”

“बिना बोलावता?”

“तू मागं बसून पाह्य. मी बोलतो.”

“का बोलता?”

“जे त्या दिवशी बोलाले पायजे होतं ते.”

तिनं परातीवर ताट झाकलं. मग हात धुतले. लुगडं परत पिशवीत गेलं. रस्ता तिनं सांगितला. रसमडा, फाटक, पुढे वडाच्या पारापासून वळण. कुठेच चुकण्यासारखं काही नव्हतं.

भोजलीच्या अंगणात बायका कारली चिरत बसल्या होत्या. तिची मुलगी पहिल्या तीजेला आली होती, ती धावत येऊन बायकोच्या गळ्यात पडली. भोजली जागची हलली नाही. इकडे मैत्रिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणून भांटो म्हणतात, तसं ती कोरडेपणानं म्हणाली, “बइठव भांटो.” तिचा भाऊ दारात उभा होता. आणखी दोघं-तिघं पुरुष होते. बरं झालं होते ते.

मी बसलो नाही. छत्तीसगढी मला येत नव्हती आणि येते असं दाखवायचं नव्हतं. मी हिंदीत बोललो.

“दीदी, शादी के दिन देर इसने नहीं की. ये मुझसे पहले तैयार थी. रास्ता भी ये बता रही थी, मैंने नहीं सुना. मैं दूसरी खपरी चला गया. यहाँ आकर सबके सामने मैंने साड़ी वाली झूठी बात कही, क्योंकि मुझे अपनी गलती बोलने में शरम आई. इसकी कोई गलती नहीं थी. आपसे माफी माँगता हूँ, और बिटिया से भी.”

विळीचा आवाज थांबला होता. भोजली माझ्याकडे नाही, बायकोकडे बघत होती. मी मागे वळलो. हे दुसरं मला घरातल्या भाषेत बोलायचं होतं, आणि घरात बसून, एकट्यात ते चाललं नसतं.

“तुह्यावर मी खोटं टाकलं,” मी बायकोला म्हणालो. “तू ते झेललं, अन् मी झेलू देलं. मले माफ कर.”